जुन्या लॅपटॉपवर हायकू ओएस: टेस्टिंग आणि मेंटेनन्स नेमकं कसं करायचं

घरात एखादा जुना लॅपटॉप पडून असेल, बॅटरी गेलेली, विंडोजच्या ओझ्याने दम टाकलेला, तर तो भंगारवाल्याला देऊ नका, त्याच्यावर एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम टेस्ट करता येते आणि ती अशी सिस्टिम आहे की जिथे तुमच्या एकट्याच्या टेस्टिंगनेही खरंच फरक पडतो. मी हायकूबद्दल बोलतोय. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नव्वदच्या दशकात बी इन्कॉर्पोरेटेड नावाच्या कंपनीने बीओएस नावाची फार चपळ सिस्टिम बनवली होती, २००१ मध्ये पाम कंपनीने तिचा माल विकत घेतला आणि बीओएस तिथेच थांबली, पण वापरणाऱ्या मंडळींनी त्याच वर्षी ओपनबीओएस म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली आणि २००४ मध्ये त्याचं नाव हायकू झालं. पहिली अल्फा २००९ मध्ये आली, पहिली बीटा २०१८ मध्ये, आणि बीटा ५ सप्टेंबर २०२४ मध्ये. म्हणजे काम सावकाश चालतं, कारण करणारे बहुतेक जण नोकरी-कॉलेज सांभाळून करतात, २०२१ मध्ये हायकू इन्कॉर्पोरेटेडने देणग्यांच्या पैशातून एका डेव्हलपरला पूर्णवेळ घेतलं तीसुद्धा मोठी बातमी होती.

आता एवढ्या थोड्या लोकांकडे जगातले सगळे लॅपटॉप, सगळी वायफाय कार्डं असणार कुठून. तुमच्या टेबलावरचं मशीन त्यांच्याकडे नाही. त्यामुळे कोडिंग येत नसेल तरी चालतं, नीट बघता आणि नीट लिहिता आलं पाहिजे. मी स्वतः गेली काही वर्षं हे करतोय, तर जे हाताने केलंय ते क्रमाने सांगतो. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीयेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

आधी ठरवा: बीटा की नाइटली, ३२ की ६४

हायकूच्या दोन धारा आहेत. बीटा म्हणजे ठराविक काळाने निघणारी, त्यातल्या त्यात स्थिर. नाइटली म्हणजे मुख्य कोडमध्ये जे बदल गेले त्याची ताजी इमेज, आज चालेल उद्या कदाचित बूटच होणार नाही. टेस्टिंगचा खरा उपयोग नाइटलीवर आहे कारण बग कालच्या बदलाने आला असेल तर ज्याने तो बदल केला त्याच्या डोक्यात अजून सगळं ताजं असतं. पण पहिला महिना बीटावर काढा, सिस्टिम नॉर्मल कशी वागते ते डोळ्यांना कळू द्या, नाहीतर जे मुळातच तसं आहे त्यालाही तुम्ही बग म्हणाल.

प्रत्येक नाइटलीला एक नंबर असतो, त्याला एचरेव्ह म्हणतात. मुख्य कोडमध्ये बदल आत गेले की तो नंबर वाढतो. हा नंबर लक्षात ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, अबाउट सिस्टिममध्ये दिसतो. नंबराशिवाय सांगितलेला बग म्हणजे पिनकोड नसलेलं पत्र, पोचलं तर पोचलं.

३२ बिट आणि ६४ बिट असे दोन मुख्य प्रकार. ३२ बिटवाल्याची गंमत अशी की त्यात मूळ बीओएसची जुनी ॲप्स अजून चालतात, आणि ती चालावीत म्हणून सिस्टिमचा बराच भाग अजूनही जीसीसी २.९५ या पुराण्या कंपायलरने बनवला जातो, सोबत नवा कंपायलरही असतो म्हणून त्याला हायब्रिड म्हणतात. मशीन ६४ बिट असेल तर ६४ घ्या. पण तुमच्याकडे खरोखरचा जुना पेंटियमच्या जमान्यातला डबा असेल तर ३२ बिट टेस्ट करणारे आता कमी उरलेत, तिकडे तुमची जास्त गरज आहे. रॅम ३८४ एमबी असली तरी कागदोपत्री पुरते, पण ब्राउझर उघडायचा तर निदान २ जीबी बघा.

पेनड्राइव्ह आणि पहिलं बूट

एनीबूट नावाची इमेज डाउनलोड करायची, झिप सोडवायची आणि पेनड्राइव्हवर जशीच्या तशी लिहायची, लिनक्सवर डीडीने किंवा विंडोजवर एचरसारख्या टूलने. फाइल म्हणून कॉपी-पेस्ट केली तर चालणार नाही. चेकसम, म्हणजे फाइल नीट उतरली का ते ताडायचा आकडा, दिलेला असेल तर जुळवून बघा, खराब डाउनलोडमुळे आलेल्या क्रॅशपायी कोणाची तरी संध्याकाळ वाया जाते आणि ती व्यक्ती फुकट काम करत असते हे लक्षात असू द्या. बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करायला विसरू नका.

बूट होताना स्क्रीनवर सात चित्रांची रांग दिसते, एकेक उजळत जातं. हीच तुमची पहिली टेस्ट. बूट अडकलं तर कितव्या चित्रावर अडकलं ते मोजा आणि लिहून ठेवा, कारण प्रत्येक चित्र एकेक टप्पा आहे. चौथं, म्हणजे डिस्कचं चित्र, तिथे अडकलं तर कर्नलला बूटची डिस्क सापडत किंवा माउंट करता येत नाहीये, म्हणजे बहुतेक यूएसबी किंवा डिस्क कंट्रोलरची भानगड, आणि शेवटचं रॉकेट लागलं म्हणजे कर्नलने आपलं काम केलंय, त्यानंतर काळा स्क्रीन आला तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. "बूट होत नाही" एवढंच लिहिण्यापेक्षा "चौथ्या चित्रावर थांबतं, पाच मिनिटं वाट बघितली" हे शंभरपट उपयोगी आहे.

अडकलं तर बूट मेनू उघडायचा: जुन्या बायॉसवर सुरुवातीपासून शिफ्ट दाबून धरायचं, नव्या मशीनमधल्या यूईएफआयवर स्पेसबार टकटक दाबत राहायचं. आत सेफ मोडचे पर्याय आहेत, फेल-सेफ ग्राफिक्स ड्रायव्हर, एकच सीपीयू वापरणं, एपिक बंद करणं, वगैरे. इथे एक चूक जवळपास सगळे करतात, मीही केली, की घाईघाईने सगळ्यावर टिक करून टाकायची आणि बूट झालं की खूश. बूट झालं खरं, पण कशामुळे झालं ते कळलं का? एका वेळी एकच पर्याय लावा, बूट करून बघा, लिहा, तो काढा, पुढचा लावा. वेळ जातो, पण शेवटी "फक्त अमुक पर्याय लावला की बूट होतं" असं एक वाक्य हातात येतं आणि त्या एका वाक्यावरून डेव्हलपर थेट त्या फाइलपाशी जाऊ शकतो.

कॅमेरा हाताशी ठेवा. मेनूतच स्क्रीनवर डीबग मजकूर दाखवायचा पर्याय आहे, तो लावून बूट केलं की जिथे अडकेल तिथल्या शेवटच्या ओळींचा फोटो काढता येतो. फोटो सरळ आणि वाचता येईल असा काढा, ट्यूबलाइटची चमक पडू देऊ नका.

इन्स्टॉल करताना

पेनड्राइव्हवरून नीट चाललं तर डिस्कवर टाका. ड्राइव्हसेटअपमध्ये पार्टिशन बनवून ते बी फाइल सिस्टिमने, म्हणजे बीएफएसने, फॉरमॅट करायचं आणि मग इन्स्टॉलर चालवायचा. यूईएफआय मशीन असेल तर बूट लोडरची फाइल ईएसपी पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइली ठेवायचं छोटं पार्टिशन) जागेवर आहे का ते स्वतः उघडून बघा, नसेल तर हाताने ठेवा, नाहीतर इन्स्टॉल यशस्वी होऊनही मशीन उठणार नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. एक, ज्या मशीनवर टेस्ट करताय त्याच्यावर घरातल्या लग्नाचे फोटो, बँकेची कागदपत्रं असलं काही ठेवू नका, हायकूमध्ये नेहमीचा यूजर हाच सगळ्या अधिकारांचा मालक असतो, लिनक्ससारखं वेगळं रूट आणि वेगळा साधा यूजर असं रोजच्या वापरात नाही. दोन, टेस्टिंगसाठी शक्यतो वेगळी डिस्क घ्या, जुन्या बाजारात छोटी एसएसडी स्वस्तात मिळते, आणि मग काही बिघडलं तरी जीवाला घोर लागत नाही.

अपडेट करणं आणि मागे येणं

हायकूची ही बाजू मला सगळ्यात जास्त आवडते आणि टेस्ट करणाऱ्यासाठी तर ती वरदान आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. २०१३ पासून हायकूमध्ये पॅकेज मॅनेजमेंट आहे पण ते नेहमीसारखं फाइली डिस्कभर पसरणारं नाही. पॅकेजची फाइल, एचपीकेजी, पॅकेजेस फोल्डरमध्ये ठेवली की तिच्यातल्या सगळ्या फाइली सिस्टिममध्ये "दिसायला" लागतात, फाइल काढली की दिसेनाशा होतात. खरं काही सुटं करून टाकलं जात नाही, आणि सिस्टिमचं फोल्डर रीड-ओन्ली असतं. याचा फायदा असा की अपडेट करताना जुनी पॅकेजेस एका तारीख-वेळ असलेल्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवली जातात, आणि नव्या अपडेटने मशीन झोपलं तर बूट मेनूतून बूट व्हॉल्यूमच्या यादीत जाऊन मागची स्थिती निवडायची की कालची सिस्टिम तशीच्या तशी उभी राहते.

तर क्रम असा ठेवा. अपडेट करायच्या आधी एचरेव्ह लिहा. मग टर्मिनलमध्ये पीकेजीमॅन (पॅकेजेस सांभाळणारी कमांड) फुल-सिंक चालवा, नाइटलीवर साध्या अपडेटपेक्षा हेच बरं, कारण रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यात, जे आहे त्याच्याशी तुमची सिस्टिम पूर्ण जुळवली जाते, कधी एखादं पॅकेज मागच्या व्हर्जनला न्यायचं असेल तर तेही होतं. काय काय बदलणार याची यादी तो दाखवतो, ती वाचा, हो म्हणायच्या आधी. एखादं तुमच्या कामाचं पॅकेज काढून टाकायचं म्हणत असेल तर थांबा. रिबूट करा, नवा एचरेव्ह लिहा. बिघडलं तर मागच्या स्थितीत जा आणि तिथे तोच प्रकार होत नाही ना हे खात्रीने बघा. जुन्यावर चालतं आणि नव्यावर नाही, दोन्ही नंबर हातात, म्हणजे तुमचा बग अर्धा पकडला गेला.

बीटावरून नाइटलीवर जायचं असेल तर रिपॉझिटरीचे पत्ते बदलावे लागतात, हायकू (मूळ सिस्टिम) आणि हायकूपोर्ट्स (तिच्यावरची ॲप्स) दोन्ही. एकच बदलला तर दोन वेगवेगळ्या काळातली पॅकेजेस एकमेकांत मिसळतात आणि त्यातून जे विचित्र क्रॅश येतात ते कोणालाच सोडवता येत नाहीत.

अजून एक जागा आहे जी लोक विसरतात: नॉन-पॅकेज्ड नावाचं फोल्डर. तिथे तुम्ही हाताने टाकलेले ड्रायव्हर, फॉन्ट, लायब्रऱ्या राहतात. दोन वर्षांपूर्वी प्रयोगासाठी टाकलेला एखादा जुना ड्रायव्हर तिथे पडून असतो, नव्या सिस्टिमला आडवा येतो आणि तुम्ही म्हणता नवं अपडेट खराब आहे. माझ्याकडे साउंडच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं, तीन रविवार त्यात घालवले. तेव्हापासून कुठलाही बग कळवण्याआधी ते फोल्डर उघडून बघतो, आणि बूट मेनूतून यूजर ॲड-ऑन बंद करूनही एकदा तपासतो.

रोज काय तपासायचं

वही करा. खरी वही, किंवा साधी टेक्स्ट फाइल, पण ती हायकूच्या मशीनवर नको कारण नेमकं पाहिजे तेव्हा ते मशीन बंद पडलेलं असतं. पानावर तारीख, एचरेव्ह, मशीन, आणि काय केलं.

वायफाय सगळ्यात आधी. हायकूचे नेटवर्क ड्रायव्हर बरेचसे फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीकडून आणलेत, मधे एक जोडणारा थर आहे, त्यामुळे कार्ड ओळखलं जाणं, नेटवर्क दिसणं, पासवर्ड टाकून जोडलं जाणं आणि तासभर जोडलेलं राहणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येक वेगळी तपासायची. मोठी फाइल डाउनलोड करून बघा, राउटर बंद-चालू करून बघा. मग साउंड, हेडफोन लावला-काढला की स्पीकर बदलतो का. यूएसबी पेनड्राइव्ह कॉपी झाल्यावर (चालू असताना नाही) काढून पुन्हा लावा, पाच-सहा वेळा. स्क्रीनचं रिझोल्यूशन. टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल.

फाइल सिस्टिमसाठी एक टेस्ट आपल्याकडे महावितरण अधूनमधून आपोआप करून देतं. बॅटरी नसलेला लॅपटॉप, मोठं कंपाइल चालू आणि लाइट गेली. बीएफएस जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंद, ठेवणारी फाइल सिस्टिम आहे, त्यामुळे पुन्हा सुरू केल्यावर ती सावरायला पाहिजे. सावरली का हे नुसतं बूट झालं म्हणून धरून चालायचं नाही, चेकएफएस कमांड आधी फक्त तपासणीच्या मोडमध्ये चालवा, दुरुस्ती न करता, तिने काय काय चुका दाखवल्या त्या जशाच्या तशा जपून ठेवा आणि मगच दुरुस्ती करू द्या. आधीच दुरुस्ती केली तर पुरावा पुसला जातो.

बीएफएसचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे ॲट्रिब्यूट, फाइलला बाहेरून चिकटवलेली माहिती. पीपल नावाच्या ॲपमध्ये कोणाचा पत्ता-फोन साठवला तर तो फाइलच्या आत नसतो, सगळा ॲट्रिब्यूटमध्ये असतो, त्यामुळे ती फाइल फॅट३२ पेनड्राइव्हवर टाकली की मागे रिकामं टरफल उरतं. टेस्टचा डेटा दुसऱ्या मशीनवर न्यायचा तर हायकूमध्येच झिप करून न्या.

आणि मराठी! हे आपल्याशिवाय दुसरं कोण तपासणार. स्टाइल्डएडिट हा हायकूचा साधा टेक्स्ट एडिटर उघडून त्यात "विद्यार्थी", "कार्यक्रम", "क्षत्रिय", "कुऱ्हाड" असे शब्द पेस्ट करा. हायकूच्या स्वतःच्या ॲप्समध्ये मजकूर एकेक अक्षराचं चित्र ठेवत काढला जातो, देवनागरीला जी जोडाक्षरांची जुळणी लागते ती तिथे होत नाही, त्यामुळे पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे येऊन बसते, हलन्त पाय मोडका दिसतो. तोच मजकूर क्यूटी या ॲप बनवायच्या टूलकिटवर बनलेल्या एखाद्या ॲपमध्ये टाकून बघा, तिथे हार्फबझ लायब्ररी जुळणी करते त्यामुळे अक्षरं नीट बसतात. दोन्हीचे स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी ठेवा. एखाद्या युरोपातल्या डेव्हलपरला "विद्यार्थी" चुकीचं दिसतंय हे डोळ्यांनी कळणारच नाही, त्याला बरोबर कसं दिसायला हवं ते चित्रच द्यावं लागतं, सोबत कुठला शब्द, कुठलं अक्षर कुठे सरकलं हे सोप्या इंग्रजीत. माझी मनापासून इच्छा आहे की मराठी वाचणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी लावून धरावी.

क्रॅश झाला की काय

ॲप पडलं तर एक खिडकी येते, टर्मिनेट, डीबग, रिपोर्ट सेव्ह करा असे पर्याय. टर्मिनेट दाबून मोकळं व्हायचा मोह आवरा, रिपोर्ट सेव्ह करा, ती फाइल डेस्कटॉपवर येते, तिच्यात कुठल्या थ्रेडमध्ये कुठल्या फंक्शनपर्यंत जाऊन पडलं हे सगळं असतं.

अख्खी सिस्टिम पडली तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर मजकूर येतो, वर कर्नल डीबगिंग लँडमध्ये स्वागत असल्याचं लिहिलेलं, सगळे त्याला केडीएल म्हणतात. घाबरू नका आणि पॉवर बटणाकडे हात नेऊ नका. पहिला फोटो लगेच, वरच्या पॅनिकच्या ओळीचा. मग कीबोर्ड चालत असेल तर बीटी टाइप करून एंटर, म्हणजे बॅकट्रेस, कुठल्या फंक्शनांतून जात इथवर आलं त्याची यादी, येते, तिचा फोटो. पान मोठं असेल तर सगळ्या पानांचे फोटो, क्रमाने. सिसलॉग कमांडने सिसलॉग, म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या नोंदी, त्याच्या शेवटच्या ओळीही बघता येतात. शेवटी रिबूट. यूएसबी कीबोर्ड तिथे बऱ्याचदा चालत नाही, लॅपटॉपचा आतला कीबोर्ड मात्र अनेकदा चालतो, म्हणून टेस्टिंगला लॅपटॉप बरा.

रिबूट झाल्यावरही एक संधी असते. मशीन पूर्ण बंद न करता नुसतं रिसेट झालं तर आधीच्या सत्राचा सिसलॉग मेमरीत टिकलेला असू शकतो, बूट मेनूच्या डीबग पर्यायांमध्ये तो बघता किंवा फाइलमध्ये साठवता येतो. म्हणून म्हटलं पॉवर बटण नको, पाच सेकंद दाबून बंद केलं की तो गेला.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, टेस्ट करत असाल तर सीरियल पोर्ट एका फाइलला जोडून ठेवा, क्यूईएमयू आणि व्हर्च्युअलबॉक्स दोन्हीत जमतं. कर्नल जे बोलतो ते सगळं त्या फाइलीत उतरतं, सिस्टिम कितीही वाईट पडली तरी. फक्त हे विसरू नका की व्हर्च्युअल मशीनमध्ये वायफाय आणि खरा ग्राफिक्स चिप नसतो, तिथे सगळं चाललं म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर चालेल असं नाही.

तिकीट लिहिणं

हायकूचं बग ट्रॅकर, म्हणजे बगांच्या तक्रारी (तिकिटं) नोंदवायची वेबसाइट, ट्रॅक नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतं. आधी शोधा, तोच बग असेल तर नवं तिकीट नको, जुन्यावर आपली माहिती जोडा. पण "तसाच वाटतो" आणि "तोच आहे" यात फरक आहे, बॅकट्रेसमधली वरची तीन-चार फंक्शनं जुळली तरच तोच समजा, नाहीतर नवं उघडा आणि जुन्याचा नंबर उल्लेख म्हणून द्या.

वाईट तिकीट कसं असतं: "वायफाय चालत नाही, लवकर दुरुस्त करा." चांगलं कसं असतं ते माझ्या वहीतल्या पद्धतीने सांगतो. शीर्षकात कार्डाचं नाव आणि लक्षण: अमुक कार्ड, जोडल्यानंतर काही मिनिटांनी डेटा थांबतो. मग एचरेव्ह आणि ६४ बिट. मग पायऱ्या: एक, बूट केलं, दोन, घरच्या डब्ल्यूपीए२ नेटवर्कला जोडलं, तीन, मोठी फाइल डाउनलोडला लावली, चार, थोड्या वेळाने थांबली, पिंगही जात नाही. काय व्हायला हवं होतं. दर वेळी होतं की कधी कधी, दहा वेळा करून बघितलं तर किती वेळा झालं. आधीच्या कुठल्या एचरेव्हवर होत नव्हतं. आणि सोबत पूर्ण सिसलॉग आणि लिस्टडेव्ह (मशीनमधल्या हार्डवेअरची यादी देणारी) कमांडचं आउटपुट, यूएसबीचं काही असेल तर लिस्टयूएसबीचंही. सिसलॉगमधल्या "महत्त्वाच्या वाटणाऱ्या" ओळी निवडून देऊ नका, पूर्ण फाइल जोडा, कारण बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा लक्षणाच्या बरंच वर असतं. एका तिकिटात एकच बग. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, वाक्यं छोटी ठेवा.

नंतर कोणीतरी विचारेल, हा पर्याय लावून बघ, नवी नाइटली लावून बघ. उत्तर द्या, आठवडा लागला तरी द्या. विचारणाऱ्याकडे ते मशीन नाही, त्याचे हात म्हणजे तुम्ही.

बग नेमका कधी आला ते शोधणं

समजा एका एचरेव्हवर चालत होतं आणि त्याच्या १६० पुढच्यावर बिघडलं. एकेक तपासत बसायचं नाही, मधला घ्यायचा, ८० वा. चालला तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नाही चालला तर मागच्या अर्ध्यात. पुन्हा त्याचा मधला. जास्तीत जास्त ८ वेळा बूट करून नेमका एचरेव्ह सापडतो, याला बायसेक्ट म्हणतात. थोड्या मागच्या नाइटली इमेज डाउनलोडला असतात, आधी त्या वापरा म्हणजे कंपाइल न करता अंतर कमी होतं, उरलेल्या मधल्यांसाठी स्वतः बिल्ड करायचं.

बिल्ड लिनक्सवर करणं सोपं पडतं. साधारण असं: गिट, कंपायलर, नॅझम, फ्लेक्स, बायसन, झोरिसो वगैरे पॅकेजेस टाका. हायकूचा कोड आणि बिल्डटूल्स हे दोन्ही शेजारी-शेजारी क्लोन करा. डिस्क कॅपिटल-स्मॉल अक्षरांत फरक करणारी हवी, मॅकच्या नेहमीच्या पार्टिशनवर किंवा विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवलंत तर अडचण येईल. एक वेगळं जनरेटेड फोल्डर करून त्यातून कॉन्फिगर चालवा, त्याला क्रॉस टूल्स (लिनक्सवर बसून हायकूसाठी कंपाइल करणारी टूल्स) बनवायला सांगा, त्याला वेळ लागतो पण ते सहसा एकदाच करायचं. मग जॅम नावाचं बिल्ड टूल, त्याला नाइटली-एनीबूट हे टार्गेट द्यायचं, शेवटी इमेज तयार. बायसेक्ट करताना प्रत्येक वेळी अख्खी इमेज नको असेल तर फक्त हायकूचं सिस्टिम पॅकेज बनवून टेस्ट मशीनच्या पॅकेजेस फोल्डरमध्ये बदलता येतं, बिघडलं तर मागची स्थिती आहेच.

कॉन्फिगरच्या अचूक कमांड कोडसोबतच्या कंपाइलिंगच्या रीडमी फाइलमधूनच घ्या, कुठल्या जुन्या व्हिडिओतून नको, पर्यायांची नावं मधल्या काळात बदललीयेत.

ॲप्सचा मेंटेनन्स: रेसिपी

सिस्टिम जिवंत ठेवायची तर तिच्यावरची ॲप्स जुनी पडता कामा नयेत. हे काम हायकूपोर्ट्समध्ये चालतं आणि नव्या माणसाला शिरायला ही सगळ्यात मोकळी जागा आहे. प्रत्येक ॲपची एक रेसिपी फाइल असते: नाव, वर्णन, लायसन्स, सोर्सचा पत्ता, चेकसम, कशाकशावर अवलंबून आहे, बिल्ड कसं करायचं, इन्स्टॉल कसं, टेस्ट कशी.

एखाद्या छोट्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली तर: रेसिपीच्या फाइलच्या नावातला व्हर्जन नंबर बदला, आतला रिव्हिजन पुन्हा १ करा, नवीन सोर्सचा चेकसम टाका, जुने पॅच अजून लागतात का बघा, नको असतील तर काढा. हायकूपोर्टर या टूलने बिल्ड करा, त्याचा लिंट (रेसिपीतल्या चुका दाखवणारी तपासणी) चालवा. मग तयार झालेलं पॅकेज खरंच इन्स्टॉल करून ॲप उघडून वापरा, नुसतं बिल्ड झालं म्हणून पाठवू नका. आणि लायब्ररी असेल तर तिच्यावर अवलंबून असलेलं निदान एक ॲप उघडून बघा, व्हर्जन बदलताना लायब्ररीचा अंतर्गत नंबर बदलला असेल तर बाकीची ॲप्स उभीच राहत नाहीत. सोर्स तोच आणि फक्त रेसिपी सुधारली असेल तर रिव्हिजन एकने वाढवायचा, हे विसरलं तर लोकांच्या मशीनवर अपडेट पोचतच नाही. ३२ बिटवर जीसीसी २ ला नवी सी प्लस प्लस झेपत नाही, तिथे ते पॅकेज नव्या कंपायलरच्या दुय्यम प्रकारात बनवावं लागतं, आधीच्या सारख्या एखाद्या रेसिपीत बघून तसंच करा.

मूळ सिस्टिमच्या कोडमध्ये बदल पाठवायचा असेल तर ते गेरिट नावाच्या कोड तपासायच्या वेबसाइटवर रिव्ह्यूला जातं. पहिला पॅच अगदी छोटा ठेवा, एखादी चुकीची एरर, एखादा मेमरी लीक. कोडिंग स्टाइल कडक आहे, टॅब, रिकाम्या ओळी, कंसाची जागा, सगळ्यावर शेरे येतात, ते मनाला लावून घ्यायचे नाहीत. विद्यार्थ्यांना ओपन सोर्समध्ये आणणाऱ्या गुगल समर ऑफ कोडमध्ये हायकूने २००७ मध्ये पहिल्यांदा भाग घेतला आणि आपल्याकडची कितीतरी पोरं तिथून शिकून गेली, त्यांनाही हेच शेरे आले असणार.

आणि जुनी तिकिटं

ज्या रविवारी नवं काही तपासायचा कंटाळा येईल त्या रविवारी ट्रॅकरवर जाऊन तुमच्या मशीनशी जुळणारी जुनी तिकिटं काढा, दहा-दहा वर्षांची उघडी आहेत. पायऱ्या वाचा, ताज्या नाइटलीवर करून बघा. होत नसेल तर लिहा की अमुक एचरेव्हवर, अमुक मशीनवर आता होत नाही, म्हणजे कोणीतरी ते बंद करेल. होत असेल तर नवा सिसलॉग जोडा. पायऱ्या अपुऱ्या असतील तर मूळ माणसाला विचारा, महिनाभर थांबा. तुमच्या मशीनवर ते हार्डवेअरच नसेल तर काहीच लिहू नका, पुढचं उघडा.